मिग-२१ आणि पॉलिश पेपर

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला गेला. १९६३ मध्ये हे विमान भारतीय हवाई दलात आलं, तेही चंदीगडलाच, आणि बासष्ट वर्षं टिकलं. त्या आठवड्यात आमच्या नववीच्या वर्गात दुसरा विषयच नव्हता. घरच्यांच्या मोबाईलवर पाहिलेलं पोट्टे एकमेकांना हातवारे करून सांगत होते. त्यातूनच विज्ञान प्रदर्शनासाठी मिग-२१ चं मॉडेल करायचं ठरलं. थर्माकोलचं नाही, पुठ्ठ्याचं नाही. प्लास्टिकच्या सुट्या भागांचं, १:७२ या मापाचं, खऱ्या विमानाशी रेषेला रेष जुळणारं.

मी वर्धा जिल्ह्यातल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी आणि उर्दू शिकवतो. विज्ञान माझा विषय नाही. पण माझ्या घरच्या कपाटात अशी दोन-तीन विमानं उभी आहेत हे पोरांना माहीत होतं, म्हणून काम माझ्याकडे आलं. भाषेच्या मास्तरला त्यात भाषाही दिसली. उर्दूत विमानाला तय्यारा म्हणतात. अरबीतल्या उडण्याच्या धातूवरून आलेला शब्द. आणि आपण मराठीत रोज वापरतो तो ‘तयार’ शब्दही त्याच घरातला, असं कोशकार मानतात: शिकारीचा ससाणा उडायला सज्ज झाला की तो तयार. गुणोत्तराला उर्दूत निस्बत, प्रमाणाला तनासुब, रंगाला रोगन, आणि मराठीतलं रोगण म्हणजे तेच. एक मॉडेल जोडता जोडता दोन्ही भाषांचे दहा-पंधरा शब्द फळ्यावर चढले.

१:७२ म्हणजे काय, हे फळ्यावर समजत नाही, हातात घेतल्यावर समजतं. मिग-२१ च्या पंखांची रुंदी ७.१५ मीटर. भागिले ७२, म्हणजे जेमतेम दहा सेंटिमीटर. साडेपाच फुटांचा वैमानिक सव्वादोन-अडीच सेंटिमीटरचा होतो. अडीच किलोमीटरची धावपट्टी ७२ ने भागली तर पस्तीस मीटर होते. मग सगळे मैदान मोजायला पळाले आणि मैदान कमी पडलं. एका मुलीने विचारलं, वजन पण ७२ ने भागायचं का? हा प्रश्न मला वर्षातला सगळ्यात चांगला प्रश्न वाटला. नाही, वजन तीनदा भागायचं, कारण लांबी, रुंदी, उंची तिन्ही कमी होतात. ७२ गुणिले ७२ गुणिले ७२, म्हणजे ३,७३,२४८. भरलेलं विमान साधारण आठ हजार किलोंचं धरलं तर हिशोबाने मॉडेल एकवीस-बावीस ग्रॅमचं व्हायला हवं. मुलीने ते वहीत लिहिलं आणि गणिताच्या सरांना जाऊन दाखवलं.

हे ७२ कुठून आलं, हेही सांगितलं. एक इंच म्हणजे सहा फूट, असा इंग्रजी मापांचा सरळ हिशोब. १९४२ मध्ये अमेरिकेच्या नौदलाने शाळेतल्या मुलांकडून पाच लाख विमानांची मॉडेल मागितली होती, याच मापाची, लाकडाची, काळ्या रंगाची. आकाशात दिसणारं विमान आपलं की शत्रूचं हे सैनिकांना ओळखता यावं म्हणून. प्लास्टिकचे खोके नंतर आले. एअरफिक्स या प्रसिद्ध कंपनीची सुरुवात १९३९ मध्ये लंडनमध्ये हंगेरीहून आलेल्या एका निर्वासिताने केली, आधी रबरी खेळणी, मग कंगवे, आणि मग विमानं. कंगवे ऐकून वर्ग हसला.

आमचं खोकं ऑनलाइन मागवलं. मजुराची दोन-तीन दिवसांची रोजी त्यात जाते, म्हणून एकच मागवलं आणि आठ जणांनी मिळून केलं. असं खोकं उघडलं की आत झाडाच्या फांद्यांसारख्या प्लास्टिकच्या चौकटी असतात आणि त्यांना भाग लटकलेले असतात. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे. मिगचं धड दोन उभ्या अर्ध्या भागांत येतं. ते जोडले की वरून खालून मधोमध एक सांधा दिसतो. मॉडेल चांगलं की वाईट, हे निम्म्याहून जास्त त्या सांध्यावर ठरतं. खऱ्या विमानाला तिथे सांधा नसतो. तो भरायचा, घासायचा, इतका की बोट फिरवलं तर कळू नये. आणि हे करताना शेजारच्या बारीक रेषा, म्हणजे पत्र्याचे जोड, पुसले जाऊ द्यायचे नाहीत.

त्या गटात एक पोरगा होता, वर्गात मागे बसणारा, वाचताना अडखळणारा. पहिले दोन दिवस गप्प बसून बघत होता. सांध्यावर पुट्टी लावायची वेळ आली तेव्हा बाकीच्यांनी दाबून दाबून जाड थर भरला. तो हळूच म्हणाला, “सर, लांबी ऐसी नहीं भरते. पतली भरो, सूखने दो, फिर दुसरा हाथ.” लांबी म्हणजे गाडीच्या पत्र्याचा खळगा भरायची पुट्टी. त्याचे अब्बू डेंटिंग-पेंटिंगचं काम करतात. हे त्याने वर्गात आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. हजेरीच्या वेळी वडिलांचा व्यवसाय विचारला की ‘बिझनेस’ म्हणायचा.

त्यानंतर काम त्याच्याच हातात गेलं. चारशेचा पॉलिश पेपर, मग आठशेचा, मग हजाराचा. पाणी मारून घासायचं म्हणजे धूळ उडत नाही आणि ओरखडे पडत नाहीत. कागद नुसत्या बोटाने धरायचा नाही, खोडरबराला गुंडाळायचा, नाहीतर बोटाच्या आकाराचा खड्डा पडतो. आणि डोळे मिटून हात फिरवायचा. डोळ्याला जे दिसत नाही ते बोटाला लागतं, हे त्याने सांगितलं आणि मग सगळे डोळे मिटून विमानावर बोट फिरवायला लागले. त्याने एकदा काळ्या रंगाचा अगदी हलका फवारा सांध्यावर मारला आणि परत घासला. जिथे काळं उरलं तिथे अजून खळगा आहे. जगभरचे मॉडेल करणारे हीच युक्ती वापरतात. याला ती गॅरेजमध्ये सापडली होती.

मग आम्ही सगळे एका शुक्रवारी, जुम्म्याच्या नमाजनंतर, त्याच्या अब्बूंच्या गॅरेजमध्ये गेलो. रस्त्याच्या कडेला पत्र्याचं शेड, एक अर्धी उघडी जीप, भिंतीवर रंगांचे ठिपके. त्यांनी विमान हातात घेतलं आणि आधी ते कशाचं आहे हे विचारलं. विमान कोणतं, हा प्रश्न नव्हता, प्लास्टिक कोणतं, हा होता. गाडीच्या बंपरचं प्लास्टिक वेगळं, त्यावर नेहमीचा प्रायमर धरत नाही, हे त्यांना माहीत. त्यांनी उरलेल्या चौकटीचा एक तुकडा मागितला, त्यावर थिनरचा थेंब टाकला. प्लास्टिक जागच्या जागी विरघळून लोण्यासारखं झालं. “देखा? ये रंग इसपे नहीं चलता,” एवढंच म्हणाले. रसायनशास्त्राच्या धड्यात द्रावक आणि द्राव्य असे शब्द आहेत. त्या तुकड्याकडे बघून ते शब्द पोरांना जितके कळले तितके प्रयोगशाळेत कळले असते असं मला वाटत नाही. आणि ज्या गोंदाने आम्ही धड चिकटवलं होतं तोही हेच करतो, प्लास्टिक थोडं विरघळवून दोन भाग एक करतो, हे मग मला सांगता आलं.

गाडी रंगवायची बंदूक दहा सेंटिमीटरच्या पंखासाठी फार मोठी. तिच्या तोंडाचं भोक दीड मिलिमीटरच्या आसपास, मॉडेलच्या एअरब्रशचं तीन दशांश. आम्ही पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंग वापरला आणि एअरब्रश एका ओळखीच्या माणसाकडून आणला, पण हवेचा दाब किती ठेवायचा, हात किती लांब धरायचा, फवारा पंखाच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवायचा, हे सगळं त्या गॅरेजमध्येच शिकलो. पोरांना १९७१ च्या युद्धाआधीचा चंदेरी मिग हवा होता. अब्बू म्हणाले, चंदेरी करू नका, चकचकीत रंग प्रत्येक खोट दाखवतो, पहिलंच काम आहे तर राखाडी घ्या. राखाडीही नुसता काळा-पांढरा मिसळून होत नाही, त्यात निळ्याचा थेंब लागतो. शेवटच्या वर्षांतले मिग राखाडीच होते, तेव्हा इतिहासही बिघडला नाही.

खोक्यातली पाण्यात भिजवून चिकटवायची चित्रं दुसऱ्याच देशाच्या हवाई दलाची निघाली. म्हणून आपलं गोल चिन्ह पोरांनी हाताने रंगवलं. बाहेर केशरी, मध्ये पांढरा, आत हिरवा. मास्किंग टेपची गोल वर्तुळं कंपासला ब्लेड बांधून कापली. नखाएवढं चिन्ह, पंखांच्या वर दोन, खाली दोन, धडावर दोन. सहाच्या सहा एकसारखी यायला अकरा वेळा करावं लागलं. शेपटीवर तीन रंगांचे उभे पट्टे, त्यात केशरी पुढच्या बाजूला. हे पुढे-मागे करणारे पुष्कळ असतात.

प्रदर्शनात टेबल मिळालं. पोरांनी महिनाभर तयारी केली होती. सांधा कसा लपवला, घन माप म्हणजे काय, थिनरने काय झालं त्याचा तुकडाही बशीत ठेवला होता. तो मागच्या बाकावरचा पोरगा मराठीत बोलणार होता, मी त्याच्याकडून वाक्यं घोटून घेतली होती. एक पाहुणे आले. चांगले गृहस्थ, शिकलेले, बोलणं गोड. त्यांनी विमान बघितलं, तिरंगी चिन्ह बघितलं, शाळेच्या नावाची पाटी वाचली. मग मुलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “वा! तुमच्या शाळेतून हे पाहून फार बरं वाटलं.” फोटो काढला आणि पुढे गेले. शेजारच्या टेबलावर दुसऱ्या शाळेचा पाण्याचा पंप होता. तिथे त्यांनी विचारलं, “हा किती वॅटचा? मोटार कुठली?” 

त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. म्हणूनच यावर लिहावंसं वाटलं. पंपाला प्रश्न मिळाला, आमच्या विमानाला शाबासकी मिळाली. प्रश्न म्हणजे तुमचं काम पाहिलं. त्या शाबासकीत ‘तुमच्या’ हा शब्द होता, आणि काम त्या शब्दाच्या मागे दिसेनासं झालं. मुलगा नंतर मला म्हणाला, “सर, उन्होंने सांधा देखाच नहीं.” त्याला पाहुण्यांच्या वाक्यातलं दुसरं काही टोचलं नव्हतं. त्याचं दुःख कारागिराचं होतं.

संध्याकाळी आपल्याच लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच फोटो फिरला. वर ओळ: आमचीही मुलं देशासाठी काही कमी नाहीत, बघा. त्याखाली माशाअल्लाहची रांग. म्हणजे पाहुण्यांनी न मागता जे प्रमाणपत्र वाचलं, तेच आम्ही स्वतः छापून वाटलं. मुलांनी देशनिष्ठा सिद्ध करायला मिग केला नव्हता. मिग दिसायला भारी असतो म्हणून केला होता. पंधरा वर्षांच्या पोराला नाकात छिद्र आणि त्यात सुळका असलेलं विमान आवडतं, याला आणखी कारण लागत नाही. वर्ध्यातल्या, आर्वीतल्या, हिंगणघाटातल्या कुठल्याही शाळेतल्या पोराला तेवढ्याच कारणासाठी ते आवडतं, आणि त्याला कुणी ते का आवडतं म्हणून विचारत नाही.

अशा वेळी आपल्यातले जाणते एक नाव काढतात, एअर चीफ मार्शल इद्रिस हसन लतीफ. नाव मोठंच आहे. हैदराबादचे, फाळणीच्या वेळी भारताच्या हवाई दलात राहिले, १९७८ ते १९८१ हवाई दलप्रमुख होते, त्यांच्या काळात जग्वार विमानं आली, आणि नंतर १९८२ ते १९८५ आपल्या महाराष्ट्राचे राज्यपालही होते. वर्गात एकालाही हे नाव माहीत नव्हतं, म्हणून मी सांगितलं. पण मी ते जग्वारच्या धड्यात सांगितलं, उत्तरादाखल नाही. ज्या माणसाने पूर्ण हवाई दल चालवलं त्याला कुणाच्या तरी शंकेवरचा पुरावा म्हणून दरवेळी उभं करणं मला त्यांचा मान वाटत नाही. त्यांचं काम विमानांचं होतं. त्यावर बोलावं.

आता वर्धा जिल्ह्यात बसून लढाऊ विमानाचं कौतुक करायचं म्हणजे सेवाग्रामकडे पाठ करून बसता येत नाही. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला ते विचारलंही: गांधीजींच्या जिल्ह्यात मुलांच्या हातात बॉम्बचं विमान? प्रश्न रास्त आहे. मी त्यांना २२-२३ ऑक्टोबर १९३७ ची आठवण दिली. वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, गांधीजी अध्यक्ष होते, आणि नव्या शिक्षणाचा आराखडा करायला जी समिती नेमली तिचे अध्यक्ष होते जामिया मिल्लियाचे डॉ. झाकिर हुसेन. पुढे राष्ट्रपती झाले तेच. सात वर्षांचं शिक्षण, मातृभाषेतून, आणि मध्यभागी एक हस्तोद्योग, ज्याच्याभोवती गणित, विज्ञान, भाषा विणायची. याला जगात वर्धा योजना म्हणतात. मुस्लिम लीगने त्या वेळी तिच्यावर कडाडून टीका केली होती, तो वेगळा विषय आहे. मला एवढंच म्हणायचं होतं, की पुट्टी, पॉलिश पेपर आणि थिनर यांच्याभोवती माझ्या वर्गात गणित, रसायनशास्त्र आणि दोन भाषा विणल्या गेल्या. चरख्याऐवजी मिग होता, हे गांधीजींना आवडलं नसतं, मान्य. पण ज्याच्या बापाच्या हातात हुन्नर आहे त्या पोराने बापाचा धंदा लपवावा, हे त्यांना त्याहून कमी आवडलं असतं.

बॉम्बचं उत्तर मात्र योजनेत नाही, ते द्यायला पुलगाव आहे. खोक्यात पंखांखाली लावायला बॉम्ब आणि क्षेपणास्त्रं येतात. पोरांना सगळी लावायची होती. आमच्या जिल्ह्यात पुलगावला सैन्याचं मोठं दारूगोळा भांडार आहे. ३१ मे २०१६ च्या रात्री तिथे आग लागली. दोन लष्करी अधिकारी आणि आग विझवायला धावलेले अनेक फायरमन गेले. गटातली एक मुलगी त्या बाजूच्या गावातली. ती तेव्हा पाच वर्षांची होती, तिला फक्त एवढंच आठवतं की अंधारात सगळे घर सोडून चालत होते आणि तिच्या पायात चप्पल नव्हती. पुढे २० नोव्हेंबर २०१८ ला, जुना दारूगोळा निकामी करायच्या जागेवर स्फोट होऊन सहा जण गेले. त्यांत आजूबाजूच्या गावांतले रोजंदारीचे मजूर होते. हे मी वर्गात सांगितलं. बॉम्ब लावायचे की नाही हे त्यांनी ठरवायचं होतं. अर्धा तास वाद झाला. शेवटी लावले, कारण मिग त्यासाठीच बनलं आहे आणि तो भाग गाळणं म्हणजे खोटं मॉडेल, असं त्या मुलीचंच म्हणणं पडलं. माहितीच्या फलकावर तिने पुलगावच्या दोन तारखा लिहिल्या. मिगच्या अपघातांत गेलेल्या वैमानिकांचाही उल्लेख तिने तिथे केला. प्रदर्शनात तो फलक किती जणांनी वाचला असेल, बोटांवर मोजता येतील.

माझं म्हणणं आता शिक्षकांपुढे आणि परीक्षकांपुढे आहे. प्रदर्शनाच्या अर्जात ‘मार्गदर्शक शिक्षक’ असा रकाना असतो. त्याखाली आणखी एक रकाना घाला: काम कोणाकडून शिकलात? आमच्या शाळांमधल्या मुलांच्या घरात वेल्डिंग करणारे, रंगकाम करणारे, गादी शिवणारे, मोटार वाइंडिंग करणारे लोक आहेत. ओझरच्या एचएएल कारखान्यात पहिले मिग रशियाहून आलेले सुटे भाग जोडूनच उभे राहिले, मग हळूहळू इथेच घडायला लागले. नागपूरला हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आहे, म्हणजे विमानं दुरुस्त ठेवणाऱ्यांचं. उडणाऱ्यांची नावं सगळ्यांना पाठ असतात. पत्रा जोडणाऱ्यांची, घासणाऱ्यांची, रंगवणाऱ्यांची नसतात. आपल्या पोरांच्या घरात ती माणसं बसलेली आहेत, आणि पोरं फॉर्मवर ‘बिझनेस’ लिहितात.

आणि परीक्षकांनी विमान उचलून, चष्मा लावून, खालच्या बाजूचा सांधा बघावा. वाईट असेल तर वाईट म्हणावं. आमच्या मिगच्या डाव्या पंखाच्या मुळाशी एक केसाएवढी भेग राहिली आहे. ती पकडून कुणी गुण कापले असते तर त्या पोराने घरी जाऊन अब्बूंना अभिमानाने सांगितलं असतं.

यंदा नॅट करायचं ठरलंय. १९६५ च्या युद्धात नाव काढलेलं छोटं विमान, लांबी ८.७४ मीटर, म्हणजे १:७२ मध्ये बारा सेंटिमीटर. खोकं अजून मिळालेलं नाही, पोरं रोज विचारतात. अर्ज आम्ही आधीच करून ठेवला आहे, हाताने आखलेल्या जादा रकान्यासह. त्यात मुलाने मराठीत वडिलांचं नाव आणि पुढे ‘रंगकाम कारागीर’ लिहिलं आहे. ‘कारागीर’ मधला ‘गी’ पहिला की दुसरा, हे विचारायला तो दोनदा स्टाफरूममध्ये येऊन गेला.